काकांच्या पेटीतल्या जॅझ आणि फ्री इम्प्रोव्हायझेशनच्या रेकॉर्डी : ऐकू कशा, ठेवू की विकू?

नळस्टॉप

मंडळी, सल्ला हवाय. जरा पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

माझे धाकटे काका १९७१ साली कापडाच्या यंत्रांचं काम शिकायला इचलकरंजीहून जर्मनीत गेले. गाव वुपर्टाल. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेला माणूस परतला तो थेट ८३ साली. येताना घरच्यांसाठी चॉकलेटं, आजीसाठी एक शिवणयंत्र आणि स्वतःसाठी एक लाकडी पेटी. पेटीला कुणी हात लावायचा नाही असा दंडक होता. काका गेल्या वर्षी गेले. लग्न केलेलं नव्हतं. घर आवरताना पेटी माझ्या वाट्याला आली, कारण आख्ख्या भावकीत टर्नटेबल असलेला मी एकटाच.

माझा कान ख्यालाचा. मन्सूर, किशोरीताई, कुमार. अलीकडे जॅझची गोडी लागलीय, पण तीही सभ्य वस्तीतल्या जॅझची : 'काइंड ऑफ ब्लू', मंक, आर्ट ब्लेकी, ब्लू नोटच्या नव्या छपाईच्या काही एलपी. पेटीत फार तर बाख-बेथोवन निघेल असं वाटलं होतं. निघालं ते असं : पेटर ब्रोट्समानची 'मशीन गन'. ब्रोट्समान आणि हान बेनिंक, 'श्वार्त्सवाल्डफार्ट'. इव्हान पार्कर, 'मोनोसेरॉस'. डेरेक बेली, 'सोलो गिटार'. ऑर्नेट कोलमन, 'फ्री जॅझ'. अल्बर्ट आयलर, 'स्पिरिच्युअल युनिटी'. आणखी आठ-दहा आहेत, बहुतेक बर्लिनच्या एफएमपी नावाच्या लेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या.

वरचीच म्हणून 'मशीन गन' लावली. आतल्या खोलीतून आई म्हणाली, "अगंबाई, हे तर सुधाभावजींचं!" काका परत आल्यावर रविवारी दुपारी असलंच काहीतरी लावून बसायचे म्हणे. शेजारच्या शेडमधले माग सुट्टीच्या दिवशीही चालू आहेत की काय असं घरच्यांना वाटायचं.

तर प्रश्न असे. यात ऐकायचं काय? सम नाही, ठेका नाही, मुखडा नाही. मी धरायचं कशाला? दुसरं, ठेवू की विकू? यातल्या काहींना बरी किंमत येते असं ऐकतो. आणि कव्हरांना बुरशी आहे, दोन-तीन रेकॉर्डींवर धुरकट थर दिसतोय, तो जाईल का?

तात्या_डोंबिवली

'मशीन गन' आत्ता यूट्यूबवर लावलं. बायको बघायला आली की काय फुटलं. चौथ्या मिनिटाला बंद केलं.

विका, आणि आलेल्या पैशात अमीर खाँसाहेबांच्या जुन्या एचएमव्हीच्या घ्या. जे वाजवणाऱ्याला स्वतःलाच परत तसं वाजवता येणार नाही, त्याला संगीत का म्हणायचं, एवढं कुणीतरी समजावून सांगा. टवाळी नाही, खरंच विचारतोय.

छापखाना

नळस्टॉप, इतक्यात विकू नका. आधी एक काम करा.

पेटीतली एकेक रेकॉर्ड बाहेर काढा आणि मधल्या भोकाभोवतीचं लेबल उजेडात तिरकं धरून बघा. रेकॉर्ड खुंटीवर बसवताना भोक जरा चुकतं, खुंटीचं टोक लेबलावर घासतं आणि केसासारखी बारीक चकचकीत रेघ उमटते. खोलीत अंधार असेल, दोन पेग झाले असतील, तर जास्त. जी रेकॉर्ड खूप वाजली तिच्या भोकाभोवती या रेघांची गिचमीड होते. जी नुसती कपाटात मिरवायला घेतली तिचं लेबल कोरं राहतं. विकणारे याला दोष मानून किंमत पाडतात. तुम्हाला मात्र त्यावरून कळेल की काका खरोखर काय ऐकायचे आणि काय नुसतंच बाळगून होते. सुरुवात तिथून करा. माझ्या किंवा कुणाच्याही 'ऐकायलाच हव्यात' छापाच्या यादीवरून करू नका.

माझं आयुष्य दादरला छपाईच्या धंद्यात गेलं. रेकॉर्ड हातात आली की मी आधी कव्हर बघतो, मग वाजवतो. ब्रोट्समान मुळात चित्रकला शिकलेला. १९६३ मध्ये वुपर्टालच्या पार्नास गॅलरीत नाम जून पाइक या कोरियन कलाकाराचं गाजलेलं प्रदर्शन झालं, तेव्हा हा त्याच्या हाताखाली राबत होता. पुढे स्वतःची कितीतरी कव्हरं आणि पोस्टरं त्याने स्वतःच केली. ठसठशीत अक्षरं, मोजके रंग, उगाच नक्षी नाही. कव्हर बघून आत काय आहे याचा अंदाज येतो.

'मशीन गन' मे १९६८ मध्ये ब्रेमेनच्या 'लिला ऑयले' नावाच्या क्लबात ध्वनिमुद्रित झाली. आठ जण. तीन सॅक्सोफोन : ब्रोट्समान, पार्कर, विलेम ब्रॉयकर. पियानोवर फ्रेड व्हान होव्ह. बासवर दोघे, पेटर कोवाल्ड आणि बुशी नीबरगाल. ड्रमवरही दोघे, बेनिंक आणि स्वेन-ओके योहान्सन. 'मशीन गन' हे नाव ट्रंपेटवाल्या डॉन चेरीने ब्रोट्समानच्या वाजवण्याला दिलेलं. बाहेर तेव्हा व्हिएतनाम चालू होतं, पॅरिसपासून बर्लिनपर्यंत विद्यार्थी रस्त्यावर होते, आणि जर्मनीतली पोरं आपल्या बापांना विचारत होती की युद्धात तुम्ही काय करत होतात. तो सगळा संताप त्यात आहे, आणि थट्टाही आहे. मधेच एखादी उडती धून येते ती ऐका. ब्रोट्समानने ही रेकॉर्ड स्वतःच्याच लेबलवर काढली, प्रती ३००. तुमच्याकडे एफएमपीची असेल तर ती नंतरची छपाई. बरंच आहे ते, लावताना हात थरथरणार नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. थेट 'मशीन गन'ला हात घातलात तिथेच घात झाला. ऑर्नेट लावा आणि हेडफोन घाला. डाव्या कानात एक चौकडी आहे : ऑर्नेट, डॉन चेरी, स्कॉट लाफारो, बिली हिगिन्स. उजव्या कानात दुसरी : एरिक डॉल्फी, फ्रेडी हबर्ड, चार्ली हेडन, एड ब्लॅकवेल. २१ डिसेंबर १९६० ला सगळे एकत्र बसले आणि सदतीस मिनिटं वाजवलं. एलपीच्या एका बाजूवर मावत नाही म्हणून मधे तोडावं लागलं. अधूनमधून सगळे मिळून आधी ठरवलेली एक ओळ वाजवतात, मुखडा हवा असेल तर तो घ्या. मग एकेकाची पाळी येते. ज्याची पाळी आहे त्याच्याकडे लक्षच देऊ नका. बाकीचे मागे काय करतायत ते ऐका. कुणीतरी दोन सूर टाकतो, दुसरा ते उचलतो, बघता बघता गर्दी होते, आणि कुणी न सांगता ओसरते. एकदा फक्त लाफारोचा बास ऐका, परत लावून फक्त हेडनचा. लाफारो वरच्या सुरांत पळत असतो, हेडन खालीच पाय रोवून उभा. ड्रमवर तर ठेका चालूच आहे. म्हणजे तुम्ही घाबरलात तितकं ते बेवारस नाही.

जाता जाता, त्या रेकॉर्डच्या मूळ कव्हरला पुढे खिडकी कापलेली असते. तिच्यातून आत छापलेल्या जॅक्सन पोलॉकच्या 'व्हाइट लाइट' या चित्राचा तुकडा दिसतो. कव्हर उघडलं की पूर्ण चित्र. खिडकी कापायला वेगळा डाय लागतो, खर्च वाढतो, आणि असल्या न खपणाऱ्या संगीतासाठी अटलांटिक कंपनीने तो केला. तुमच्या प्रतीला खिडकी असेल तर मला फोटो पाठवा, बाकी काही नको.

मग आयलर. जुलै १९६४, न्यूयॉर्क, तिघेच : आयलर, बासवर गॅरी पीकॉक, ड्रमवर सनी मरे. चर्चमध्ये किंवा बँडच्या संचलनात शोभेल अशी भाबडी धून आणि मग ती धून टाक्याटाक्याने उसवत जाणं. मरे ठेका देतच नाही, झांजांची नुसती सळसळ ठेवतो. इथे ठेका गेला. युरोपातल्या लोकांनी पुढे धूनही सोडली. या क्रमाने गेलात तर बेली-पार्करपर्यंत पोचेस्तोवर दम लागणार नाही.

एक सावधगिरीची सूचना. 'हे म्हणजे आपल्या आलापासारखंच हो' असं सांगणारे भेटतील. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा. आलापाला चलन असतं, वादी-संवादी असतात, निषादावर किती थांबायचं याचे दंडक असतात. ख्यालात सम कुठे येणार हे समोर बसलेल्यालाही ठाऊक असतं, तो मांडीवर मोजत असतो, आणि गायक त्याला हुलकावणी देऊन समेवर आला की 'क्या बात है' निघतं. इथे वाजवणारा आणि ऐकणारा यांच्यात असं काही ठरलेलंच नाही. त्यामुळे दाद द्यायची जागा शोधत बसलात तर डोकं दुखेल. कोण कुणाला उत्तर देतंय, कोण मुद्दाम देत नाहीये, कोण गप्प बसला आणि तो गप्प बसल्यावर बाकीच्यांनी काय केलं, एवढंच धरा.

बेलीला हा फरक नीट माहीत होता. इम्प्रोव्हायझेशनवरच्या त्याच्या पुस्तकाची (१९८०) सुरुवातच भारतीय संगीतापासून होते, त्यासाठी तो सतारवादक विराम जसानींशी बोललाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : तुमचं ते एका परंपरेच्या बोलीतलं उत्स्फूर्त वादन, मी करतो ते कुठल्याच बोलीशी बांधलेलं नाही. मला हे पूर्ण पटत नाही. 'सोलो गिटार' लावली की पाच सेकंदांत ओळखू येतं की हा बेली आहे. म्हणजे त्याचीही बोली झालीच की! पण माणूस पक्का. शेफील्डचा. आधी पोटासाठी नाचघरांत आणि स्टुडिओत सांगाल ते वाजवणारा. येत नव्हतं म्हणून असं वाजवलं, असं त्याच्याबाबतीत कुणी म्हणू नये.

'मोनोसेरॉस'वर जरा जास्त बोलतो, कारण ती माझ्या लाडाची. सोप्रानो सॅक्सवर पार्कर एकटा, आणि श्वास तुटतच नाही. गालात हवा धरून नाकाने श्वास ओढायचा, हे आपल्या सनईवाल्यांना नवं नाही. पण सनईत त्या श्वासावर सूर अखंड धरला जातो. पार्कर त्याच श्वासावर जिभेची चाल एक आणि बोटांची दुसरी ठेवतो, आणि एका नळीतून दोन-तीन आवाज निघायला लागतात. खाली एक घुमतोय, वर एक चिवचिवतोय, मधे कधी तिसरा डोकावतोय. आणि हे टेपवर घेतलेलंच नाही. एप्रिल १९७८ मध्ये तो वाजवत असताना कापणारी सुई थेट लॅकरच्या तबकडीवर खोबण कापत होती. चुकलं तर पुसायची सोय नाही, जोडकाम नाही. पहिली बाजू सलग वीसेक मिनिटं आहे. आमच्या धंद्यात प्रूफ न काढता मशीन चालू करणाऱ्याला वेड्यात काढतात.

तात्या, तुमचा प्रश्न टवाळी नाही हे कळलं. परत तसंच वाजवता येत नाही हे खरं. मैफलीतला मन्सूरांचा गौडमल्हार तरी परत तसाच कुठे मिळाला? आपण काय करतो, घडून गेलेल्या एका संध्याकाळची रेकॉर्ड घेतो आणि मग तिच्या पहिल्या छपाईसाठी मारामारी करतो, हा वेडेपणा मात्र मी मान्य करतो. सॅक्सवादक जॉन कोल्ट्रेनच्या 'असेन्शन'चं उदाहरण घ्या. २८ जून १९६५ ला अकरा जणांनी तो तुकडा दोनदा वाजवला. एक वाजवणी बाजारात आली. नंतर कोल्ट्रेनने ठरवलं की दुसरी बरी, तर कंपनीने त्याच कव्हरात, त्याच क्रमांकाखाली दुसरी घातली. बाहेरून काही पत्ता लागत नाही. लेबलाच्या कडेला जो मोकळा पट्टा असतो त्यात 'एडिशन दोन' एवढं खरवडून लिहिलंय. त्या एका खरवडीपायी मी लेमिंग्टन रोडवर, चोरबाजारात किती रेकॉर्डी उलट्यासुलट्या करून बघितल्या असतील!

बुरशीचं. धुरकट थर बुरशीचा असेल तर निघतो. रेकॉर्ड वर्षानुवर्षं पीव्हीसीच्या पिशवीत राहून त्याची वाफ बसली असेल तर निघत नाही, नादी लागू नका. डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्यांच्या लिक्विड सोपचा एकच थेंब. मायक्रोफायबर फडकं, खोबणीच्या दिशेने गोल गोल, आडवं कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने परत एकदा. लेबल भिजू द्यायचं नाही. पेटीत लाखेच्या जुन्या, ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डी असतील तर त्यांना अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख विरघळते. आतल्या जुन्या पिशव्या फेका, नव्या कागदी किंवा पॉलिथिनच्या घ्या. उभ्या ठेवा. एकावर एक रचून ठेवलेल्या दिसल्या तर मला झोप येणार नाही.

मॅट्रिक्स_नंबर

छापखानाकाकांनी सगळं सांगितलंय, मी फक्त विक्रीपुरतं बोलतो.

भाव विचारू नका, कुणी सांगितला तरी विश्वास ठेवू नका. डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या खरेदी-विक्रीच्या साइटवर जा आणि लोक काय मागतायत ते सोडून, आधी कितीला विकली गेली तो आकडा बघा. लेबलाच्या कडेच्या पट्ट्यात जे आकडे-अक्षरं कोरलेली असतात ती भिंगाने वाचून तंतोतंत जुळवा. त्यावरून छपाई कळते. ब्लू नोटच्या जुन्या रेकॉर्डींवर ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरचा शिक्का आणि प्लास्टिलाइट कारखान्याची कानासारखी दिसणारी खूण शोधतात ना, तसंच. ती खूण १९६६ पर्यंतच मिळते आणि तिच्यावरून किंमत कुठल्या कुठे जाते. एफएमपी आणि इंकस (बेली-पार्करचं लेबल) यांच्या बाबतीत इतकं बारकं शास्त्र नाही, प्रतीच मुळात थोड्या.

दर्जा लिहिताना हात आखडता घ्या. बुरशीचे डाग असलेल्या कव्हराला 'जवळजवळ नवं' लिहिलंत तर जपानहून पार्सल परत येईल आणि खर्च तुमचा. पाठवताना रेकॉर्ड कव्हराच्या बाहेर काढून ठेवा, नाहीतर वाटेत आपटून कव्हराची शिवण फाटते. आणि कृपा करून पावसाळ्यात पाठवू नका.

नळस्टॉप

छापखाना, दंडवत घ्या. रात्री टॉर्च घेऊन बसलो होतो.

'मशीन गन' : लेबल जवळजवळ कोरं. 'सोलो गिटार' : कोरं. 'मोनोसेरॉस' : थोड्या रेघा. 'फ्री जॅझ'ला खिडकी आहे! फोटो पाठवतो. 'श्वार्त्सवाल्डफार्ट'च्या दुसऱ्या बाजूला भोकाभोवती नुसती गिचमीड, भोकही सैल झालंय. आणि ज्या नावाकडे मी लक्षच दिलं नव्हतं अशी एक : सिनॉप्सिस नावाच्या चौघांची, 'आउफ डेअर एल्बे श्विम्ट आइन रोझा क्रोकोडील'. तिचं लेबल इतकं घासलंय की मधली अक्षरं गेलीत. शब्दकोशात बघितलं तर नावाचा अर्थ 'एल्बे नदीत गुलाबी मगर पोहते आहे'. ही काय भानगड?

'श्वार्त्सवाल्डफार्ट'ची दुसरी बाजू ऐकली. झाकीर, अल्लारखाँ ऐकून तयार झालेल्या माझ्या कानाला पहिल्यांदा काहीतरी सापडलं असं वाटलं. पाणी वाहतंय, कुणीतरी ओंडक्यांवर आणि दगडांवर काठ्या चालवतंय, लांबून क्लॅरिनेट. आणि पक्षी खरेच आहेत ना? मी दोनदा खिडकी बंद करून खात्री केली की ते कर्वे रोडवरचे नाहीत.

छापखाना

खरेच आहेत. १९७७ च्या मे महिन्यात ते दोघे ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन ब्लॅक फॉरेस्टच्या जंगलात गेले. बेनिंकला ड्रमचा संच लागत नाही. झाड, दगड, पाणी, जे हाताला लागेल ते वाजवतो. हातात काठ्या असल्या की पुरे. तबलावाल्यांना तो आवडतो हा माझा अनुभव. हात कसा पडतोय ते त्यांना ऐकू येतं.

मगरीचं सांगतो. काका पोचलेले दिसतायत. ते चौघे पूर्व जर्मनीचे : सॅक्सवर एर्न्स्ट-लुडविग पेट्रोव्स्की, ट्रॉम्बोनवर कॉनराड बाउअर, पियानोवर उलरिख गुम्पर्ट, ड्रमवर ग्युंटर सोमर. १९७४ ची रेकॉर्ड, म्हणजे मधे भिंत उभी असताना पश्चिम बर्लिनच्या एफएमपीने काढलेली. योस्ट गेबर्स हा मूळचा बासवादक एफएमपीचा सगळा गाडा ओढायचा. पूर्वेकडच्या या वादकांचं बरंचसं काम त्याच्यामुळे बाहेर पडलं. पुढे हेच चौघे 'झेंट्राल्क्वार्टेट' म्हणून प्रसिद्ध झाले. यांच्यात धूनही आहे, विनोदही आहे, मधेच जुनी लोकगीतंही डोकावतात. ब्रोट्समानसारखे अंगावर येत नाहीत. काकांनी 'मशीन गन' गावचा माणूस म्हणून घेतली असावी आणि ऐकली मगर. मला अशी माणसं आवडतात.

एल्बरफेल्ड

नमस्कार. मी वुपर्टालमध्येच राहते, इथे नोकरीनिमित्त आले आणि रमले. धागा वाचून राहवलं नाही.

काका आले तेव्हा हे गाव कापडाचं, फितींचं आणि लेसचं होतं. आता त्यातलं फार उरलं नाही, पण नदीवरून उलटी लटकत जाणारी रेल्वे अजून आहे. ज्या वर्षांत काका इथे होते त्याच वर्षांत नृत्यदिग्दर्शिका पिना बाउशने इथल्या नाट्यगृहाचा नृत्यविभाग हातात घेतला (१९७३), ब्रोट्समान आणि कोवाल्ड दोघेही इथेच राहत होते. एवढंसं गाव. भाजी घेताना गाठ पडत असणार.

कोवाल्डचं घर लुइझनश्ट्रासवर होतं. १९९४-९५ मध्ये त्याने एक वेगळाच प्रयोग केला : वर्षभर गावाबाहेर जायचं नाही, दौरे बंद, ज्यांना माझ्याबरोबर वाजवायचंय त्यांनी इथे यायचं. जगभर फिरणाऱ्या माणसाने हे करावं याचं मला फार नवल वाटतं. तो २००२ मध्ये न्यूयॉर्कला गेला, म्हणजे वारला. त्याची जागा अजून चालू आहे, 'ओर्ट' म्हणतात. लहानशी खोली, खुर्च्या हाताच्या अंतरावर. मला या संगीतातलं काही कळत नाही, मी भरतनाट्यम शिकलेली. पण तिथे बसून वादकाचा घाम दिसतो तेव्हा ते वेगळंच ऐकू येतं. रेकॉर्डवर मला ते अजून जमलेलं नाही. ब्रोट्समानही जून २०२३ मध्ये इथेच गेला.

नळस्टॉप, कव्हरांच्या आत हात घालून बघा. त्या काळची पत्रकं, तिकिटं लोक तिथेच ठेवत. काही मिळालं तर फेकू नका.

तात्या_डोंबिवली

'मोनोसेरॉस'ची पहिली बाजू पूर्ण ऐकली. छापखानांचा मान राखायचा म्हणून. श्वासाचं काम कबूल. शंभर टक्के कबूल. आमच्या गावच्या जत्रेतला सनईवाला हे ऐकून खूष झाला असता. तरी पुढे काय? मला धरायला काही मिळालं नाही. मधलं एखादं स्टेशन नाही का, जिथे आमच्यासारख्याला उतरता येईल?

छापखाना

आहे. जो हॅरियट. जमैकाचा, लंडनला स्थायिक झालेला आल्टो सॅक्सवादक. 'फ्री फॉर्म' १९६० सालची, म्हणजे ऑर्नेटच्या बरोबरीने, आणि त्याची नक्कल न करता. तुकडे छोटे, आकार स्पष्ट, कुणी किंचाळत नाही. तो आवडला तर त्याचीच 'हम दोनो' ऐका, १९६९. होय, नाव हेच. त्यात गिटारवर अमान्शिओ डिसिल्वा आहे, गोव्याच्या घरातला, मुंबईत जन्मलेला. ती फ्री नाही, पण तात्यांना धरायला भरपूर मिळेल. मूळ एलपी परवडायची नाही, नंतरची छपाई बघा.

मी ७८ साली रंगभवनात जॅझ यात्रेला सॉनी रोलिन्स ऐकला तेव्हा मलाही वाटलं होतं की सॅक्सोफोनवर यापुढे काही शिल्लक नाही. असो.

नळस्टॉप

कव्हरांत हात घातला. पत्रकं नाहीत, तिकिटं नाहीत. मगरीच्या कव्हरात फक्त कोल्हापूरच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याची १९८६ ची पावती निघाली, टर्नटेबलची सुई बदलल्याची.

धुतल्यावर दोन रेकॉर्डी स्वच्छ निघाल्या. एकीचा थर हललासुद्धा नाही, तीच पीव्हीसीच्या पिशवीत होती. मगर, जंगल, ऑर्नेट आणि आयलर ठेवतोय. 'मोनोसेरॉस' विचाराधीन. 'मशीन गन' आणि बेली पाऊस संपला की काढीन म्हणतो. मॅट्रिक्स, फोटो आणि नंबर तुम्हाला पाठवू का?

मॅट्रिक्स_नंबर

पाठवा. पट्ट्यातल्या कोरीव अक्षरांचा फोटो बाजूने उजेड पाडून काढा, समोरून फ्लॅश मारलात तर काही दिसत नाही.

छापखाना

सुई वेळेवर बदलणारा माणूस होता, म्हणजे खोबणी शाबूत असणार. 'मशीन गन' मॅट्रिक्सला दाखवण्याआधी मला विचारा. माझी प्रत एका मित्राने ऐकायला म्हणून नेली आणि दुबईला गेला.